मृगापूर्वी छप्पर

कोकणात घर बांधावयाचे म्हणजे सर्वांत आधी जी तारीख ठरते ती सर्वांत शेवटची असते. पाया कधी खणावयाचा, मुहूर्त कोणता धरावयाचा, ह्या गोष्टी मागाहून येतात. प्रथम प्रश्न असतो तो छपराचा. मृग लागण्यापूर्वी घरावर छप्पर चढले पाहिजे, ही अट कोणी कागदावर लिहून देत नाही, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा लहान मुलगाही ती जाणतो. ज्या प्रदेशात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो, तेथे उघड्या भिंती पावसात उभ्या ठेवणे म्हणजे वर्षभराची मिळकत अंगणातून वाहून जाताना पाहात बसणे होय.

मृग साधारणतः ७-८ जूनला लागतो. तथापि त्या तारखेवरही आता विसंबून राहता येत नाही. २०२१ साली मे महिन्याच्या मध्यास 'तौक्ते' वादळ कोकणच्या किनाऱ्यालगत वर सरकले व अनेक घरांची कौले उडवून गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' वादळाने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन उत्तर रत्नागिरीपर्यंत दाणादाण उडविली. २०२५ साली तर खुद्द मोसमी पाऊसच २५ मे रोजी देवगडपर्यंत येऊन पोचला. म्हणून शहाण्या माणसाने मृगाची तारीख मनातून काढून टाकावी आणि १५ मे ही आपली शेवटची तारीख समजावी.

ह्या तारखेवरून मागे मोजत यावयाचे आहे. त्यासाठी एक घर डोळ्यांपुढे आणावे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, बसके ऐसपैस जोते, वर लाकडी वासे आणि मंगलोरी कौले, स्वयंपाकघर व न्हाणीघर एवढ्यापुरता स्लॅब आणि त्यावर पाण्याची टाकी. घराचा धनी मुंबईस नोकरी करून निवृत्त झालेला. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आलेली. घरात ऐंशीच्या घरातली आई, जिला पुढचा गणपती आपल्या गावी, आपल्या घरात बसलेला पाहावयाचा आहे. कंत्राटदार तालुक्याच्या गावचा. असे घर आणि असा धनी कोकणच्या कोणत्याही वाडीत आढळेल.

१५ मे रोजी कौले चढून व्हावयाची, तर वासे, रीप आणि कौले ह्या कामास पंचवीस दिवस धरावे. म्हणजे २० एप्रिलला सुतार कामावर हवा. लिंटेलच्या वरच्या भिंती व आढ्याचे कोने चढविण्यास पंधरा दिवस. म्हणजे ५ एप्रिल. लिंटेलचे सेंटरिंग, सळई, काँक्रीट आणि त्याला द्यावयाची विश्रांती मिळून दहा दिवस; म्हणजे २६ मार्च. जोत्यापासून लिंटेलपर्यंतच्या भिंतींना तीस दिवस धरले की फेब्रुवारीची २४ तारीख येते. मध्ये शिमगा आहे. शिमग्यात कोकणातला माणूस पालखीबरोबर असतो, कामावर नसतो. ते आठ दिवस वजा केले म्हणजे १६ फेब्रुवारी. जोते बांधून, भरणी घालून, पाणी मारून धुमस करण्यास पंचवीस दिवस आणि पायाला वीस. हिशेब २ जानेवारीस येऊन थांबतो.

पाऊस ओसरून जमीन खणण्याजोगी होते ती ऑक्टोबरच्या मध्यास. १५ ऑक्टोबर ते २ जानेवारी हे एकूण ७९ दिवस झाले. धनी हा हिशेब पाहतो आणि म्हणतो, "अडीच महिने हाताशी आहेत." कंत्राटदारही तेच म्हणतो. येथेच घोटाळ्यास प्रारंभ होतो. हे ७९ दिवस खरोखर आहेत; परंतु ते कामाच्या आरंभी खर्च करावयाचे की अखेरीस, ह्याचा विचार कोणी करीत नाही. दिवाळी झाली की पाहू, तुळशीचे लग्न झाले की गवंडी येतील, असे करता करता ते ऑक्टोबर-डिसेंबरात, कोणासही काळजी नसताना, संपून जातात. आणि एप्रिलात जेव्हा एकेका दिवसाची किंमत कळू लागते, तेव्हा गाठीला एकही दिवस उरलेला नसतो. काम १५ ऑक्टोबरला सुरू करावे आणि ७९ दिवसांची ही शिल्लक मे महिन्यासाठी जपून ठेवावी, एवढे एक पथ्य पाळले तरी अर्धी चिंता दूर होते.

मग कागदपत्रे कधी करावयाची? अर्थातच त्याच्या आदल्या पावसाळ्यात. कोकणात घराचे काम गवंड्यावाचून जितके अडते, त्याहून अधिक सातबाऱ्यावाचून अडते. जमीन सामाईक, सहहिस्सेदार बारा. त्यांतले चार मुंबईस, दोन बडोद्यास, आणि एकाचे नाव अद्याप आजोबांचेच. एका चुलत भावाची डोंबिवलीहून सही येईपर्यंत पाया खणता येत नाही, आणि ती सही मागण्यासाठी पूर्वीच्या भांडणावर पाणी सोडावे लागते. हे काम कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसते, तरी सर्वांत लांब तेच चालते. मोजणीचा अर्ज भूमि अभिलेख कार्यालयात देणे, हद्दीच्या खुणा करून घेणे, नकाशा काढवून परवानगी मिळविणे, कामापुरत्या विजेच्या जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज करणे, ही सर्व कामे छत्री घेऊन करता येतात. जून ते सप्टेंबर हे चार महिने बांधकामास निरुपयोगी असले तरी घराच्या धन्यास मुळीच निरुपयोगी नाहीत.

त्याच महिन्यांत चिऱ्यांची व्यवस्था करावी लागते. चिरेखाणी पावसात बंद असतात. पाणी उपसून त्या पुन्हा सुरू होतात न होतात तोच सगळ्या जिल्ह्याची मागणी एकदम येते. जांभ्याचा एक गुण असा की खाणीतून काढताना तो मऊ असतो व हवा लागली म्हणजे कठीण होत जातो. ह्यास्तव ताजा चिरा गाडीतून उतरवून लगेच भिंतीत घालणे बरे नव्हे. तो काही काळ उघड्यावर रचून ठेवलेला असावा. म्हणजे जोते होईपर्यंत भिंतीचे चिरे आवारात येऊन पडलेले हवेत, आणि त्यासाठी खाणवाल्यास विसार देणे गणपतीच्या सुमारासच उरकले पाहिजे. त्याचबरोबर गाडी दारापर्यंत येते की नाही तेही पाहावे. पाणंद अरुंद असली तर चिरे वाटेच्या तोंडाशी पडतात आणि तेथून डोक्यावरून वाहून न्यावे लागतात. ही मजुरी कोणाची, हा प्रश्न पहिली गाडी रिकामी होताना विचारण्यापेक्षा कराराच्या दिवशीच विचारलेला बरा.

पाण्याचाही असाच प्रकार आहे. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या ह्या भूमीतल्या कितीएक विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ दाखवितात. काँक्रीटला तर पाणी पाहिजे. भारतीय मानक ४५६, जे २००० साली सुधारून निघाले, त्यात साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस ओल द्यावी असे सांगितले आहे. कोरडी व उष्ण हवा असेल, किंवा राख अथवा स्लॅग मिसळलेले सिमेंट असेल, तर निदान दहा दिवस. हल्ली बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट ह्या मिश्र जातीचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे दहा दिवसांखाली येऊच नये. तेव्हा स्वयंपाकघराचा स्लॅब मार्चअखेरपूर्वी, विहिरीत पाणी आहे तोवर, उरकावा. नाहीतर टँकर आणावा लागेल आणि टँकर महाग म्हणून स्लॅबला पाणी कमी मिळेल. आतला गिलावा मात्र छप्पर झाल्यावर भर पावसाळ्यातही करता येतो. हवेतली ओल त्याला पथ्यकरच असते. रंगाने मात्र भिंती सुकेपर्यंत दिवाळीची वाट पाहावी.

आता त्या दिवसांकडे वळावे, ज्या दिवशी कामावर काहीच घडताना दिसत नाही. घरे बिघडतात ती बहुधा ह्याच दिवसांत. स्लॅब ओतून झाला. धनी मुंबईस परतला. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाठविले: खाली टेकू, वर पाणी. चौथ्या दिवशी तेच छायाचित्र. सहाव्या दिवशीही तेच. धन्याचा जीव वरखाली होऊ लागतो आणि रात्री नऊ वाजता तो दूरध्वनी करून विचारतो, "काम बंद का आहे?" कंत्राटदार उत्तर देतो, पण ते उत्तर धन्याच्या मनास पटत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दूरध्वनी. शेवटी कंत्राटदार, ज्याची सेंटरिंगची फळी दुसऱ्या एका कामावरही हवी असते, टेकू काढून टाकतो. धन्यास नवे छायाचित्र मिळते. तो संतुष्ट होतो.

वस्तुतः त्याच मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस हलवावयाचे नसतात. तुळईखालचे सहा मीटरपर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस. ह्या मुदती साध्या पोर्टलंड सिमेंटच्या आहेत. मिश्र सिमेंटला अधिक अवधी द्यावा लागतो. ह्या काळात स्लॅब स्वस्थ पडलेला असतो असे नव्हे. तो अंगात बळ धरीत असतो. टेकू लवकर काढण्याचा दोष गावात कंत्राटदारावर येतो आणि तो त्याचा आहेच. परंतु त्याच्यावर तशी वेळ कोणी आणली, हेही पाहिले पाहिजे. धन्याजवळ जर आधीच एक कागद असता आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाणी. टेकूस हात लावू नये' असे लिहिले असते, तर त्याने रात्री नऊ वाजता विचारले असते ते पाणी सकाळ-संध्याकाळ मारले जाते की नाही, एवढेच.

कामाच्या प्रगतीविषयी विचारण्याची पद्धतच बहुधा चुकीची असते. "किती काम झाले?" ह्या प्रश्नास फारसा अर्थ नाही, झालेले काम दिसतच असते. विचारावयाचे ते असे: "पुढच्या कामाला जे लागणार आहे, त्यातले काय अद्याप आलेले नाही?" जोते पूर्ण झाले, गवंडी आले, चिरे रचून ठेवले आहेत, आणि दरवाजाच्या चौकटी मात्र सुताराकडे अर्धवट पडल्या आहेत, एवढ्यावर सगळे काम उभे राहते. चौकट बसवावयाची म्हणजे मुहूर्त, पूजा, आंब्याचा टाळ, नातलगांचे येणे. त्यात चार दिवस जातात, त्याचे कोणास वाईट वाटू नये. परंतु चौकटच तयार नाही म्हणून गवंडी दुसऱ्या गावी गेले तर ते परत कधी येतील हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.

मोठमोठ्या कारखान्यांच्या उभारणीत हाच विचार शास्त्राच्या पायरीला पोचला आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट व रेमिंग्टन रँड ह्या कंपन्यांत केली आणि वॉकर ह्या दोघांनी एक रीत बसविली. सर्व कामांच्या साखळ्या मांडून त्यांतली सर्वांत लांब साखळी कोणती ते शोधावयाचे. त्या साखळीतले एक काम एक दिवस लांबले की सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना मात्र थोडी सवड असते. वाडीतल्या घरालाही हे तंतोतंत लागू पडते. चिरे, चौकटी, लिंटेल, वासे आणि कौले ही लांब साखळी. फरशीची निवड, विजेचे दिवे, नळाच्या तोट्या ह्या सवडीच्या गोष्टी. तरी धन्याचे सगळे लक्ष असते फरशीच्या रंगाकडे. तीन रविवार दुकाने पालथी घालून तो फरशी ठरवितो, आणि वाशांचे लाकूड पावसात कापलेले ओले आहे की सुकलेले, हे पाहावयास त्यास सवड होत नाही.

कंत्राटदाराशी बोलणे ही ह्या सर्वांतली अवघड बाब होय. आपल्या भाषेत 'चार दिवस' हा शब्द मोजमाप नव्हे. तो एक दिलासा आहे. पुढील संभाषण कोणत्याही घराच्या कामावर ऐकू येईल:

"दादा, लिंटेल कधी भरताय?"

"होईल हो काका, चार दिवसांत होऊन जाईल."

ह्यात खोटे कोणीच बोलत नाही. काकांना वाटते सोमवारी लिंटेल भरले जाईल; दादांच्या मनात एवढेच असते की आता ह्या काकांना दुखवू नये. म्हणून पुढचा प्रश्न वाराचा असावा, आणि त्यापुढचा सामानाचा. "बरे दादा, गुरुवार धरू का? सळई बांधून झाली? खडी किती आली आहे?" ह्या प्रश्नांवर दादा क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "खडीची गाडी बुधवारी येते म्हणालाय. म्हणजे शनिवार धरा काका." हा शनिवार त्या चार दिवसांपेक्षा लांब असला तरी तो खरा वार आहे आणि त्यावर पुढची व्यवस्था रचता येते. खरा वार सांगणाऱ्या माणसावर उशिराबद्दल ओरडू नये. ओरडले की पुढच्या वेळी पुन्हा 'चार दिवस' ऐकावयास मिळतात.

कंत्राटदाराचीही बाजू आहे आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे. त्याच्याकडे तीन कामे असतात आणि गवंड्यांची टोळी एक. ज्या धन्याचा हप्ता वेळेवर आला त्याच्याकडे टोळी जाते. गवंडी कर्नाटकातले असले तर गावच्या जत्रेस जातात, उत्तरेकडचे असले तर छठ आणि होळीस. स्थानिक गडी मार्चपासून हापूसच्या बागेत असतो. आंबा उतरविणे व पेट्या भरणे ह्यांत त्यास अधिक मजुरी मिळते आणि आंबा कोणासाठी थांबत नाही. शिवाय मे महिन्यात चाकरमानी गावी येतात व प्रत्येकास आपल्या घराची कौले परतून हवी असतात. ह्या सगळ्या तारखा कंत्राटदारास पाठ असतात, पण धनी विचारत नाही आणि तो आपण होऊन सांगत नाही. कराराच्या दिवशी पंचांग मध्ये ठेवून दोघांनी ते दिवस एकदा खोडून काढावेत.

दुसरा एक रोग असा की कामावर तोंडे फार असतात. धनी मुंबईस, पण त्याचा काका वाडीत, मेव्हणा अभियंता, आईचे म्हणणे देवघर पूर्वेस हवे. काका सहज येऊन गवंड्यास सांगतो, "ही खिडकी जरा इकडे घे रे." गवंडी वडीलधाऱ्यांचा मान राखतो. महिन्याने धनी येतो तेव्हा ओटा एकीकडे आणि उजेड भलतीकडे. आता चिरे फोडण्याचा खर्च कोणी द्यावयाचा? ह्यावर उपाय म्हणजे एक जाड पुठ्ठ्याची वही. ती कामावर राहावी. नकाशात जो कोणताही फरक करावयाचा तो तिच्यात लिहावा: फरक काय, त्याने खर्च किती वाढेल, दिवस किती वाढतील, आणि खाली धन्याची व कंत्राटदाराची सही. धनी दूर असेल तर त्या पानाचे छायाचित्र त्याने पाहून होकार लिहून पाठवावा. ध्वनिमुद्रित निरोपांवर असली कामे करू नयेत. सहा महिन्यांनी तो निरोप कोणत्या दिवशी दिला होता ते कोणासही सापडत नाही. काकांना सांगावे, "काका, वहीत लिहा, मी बघतो." बहुतेक काका लिहीत नाहीत.

कायद्याचा आधार किती आहे तेही जाणून असावे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ५५ वेळेविषयी आहे. वेळ हाच कराराचा गाभा असेल तरच मुदत चुकताच करार मोडता येतो. नुसती तारीख लिहिली म्हणून वेळ गाभा ठरतोच असे नाही, आणि करारात मुदतवाढीची व दंडाची कलमे असली तर तो ठरणे आणखी कठीण. दंडाची रक्कम लिहिली असली तरी कलम ७४ प्रमाणे तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. आपल्याच जमिनीवर कंत्राटदाराकडून घर बांधून घेणाऱ्यास २०१६ चा स्थावर संपदा कायदा उपयोगी पडत नाही; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र घरबांधणी ही सेवा धरलेली आहे. पण ही दारे ठोठावण्याची पाळी आली म्हणजे तो पावसाळा गेलाच. त्यापेक्षा हप्त्यांची बांधणी अधिक कामास येते. जोते, लिंटेल, स्लॅब, छप्पर, गिलावा अशा टप्प्यांवर पैसे द्यावेत, टप्पा पुरा होताच त्याच आठवड्यात द्यावेत, आणि एक लहानसा भाग पहिला मोठा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवावा. कौलातून गळते की नाही हे पाऊसच सांगतो.

इतके करूनही एखाद्या वर्षी हिशेब चुकतो. १५ एप्रिलला धन्याने आणि कंत्राटदाराने जोत्यावर उभे राहून एकदा स्पष्ट बोलावे. त्या दिवशी लिंटेल झालेले नसेल तर १५ मेपर्यंत छप्पर होणार नाही. मग रात्रीचे दिवे लावून भिंती चढवावयाच्या, ओल्या लाकडाचे वासे घालावयाचे आणि निम्मी कौले पहिल्या पावसात बसवावयाची, हा मार्ग बरेच जण धरतात. आणि त्याचे फळ पुढे पंधरा वर्षे प्रत्येक पावसाळ्यात घमेली मांडून भोगतात. आईला हे सांगणे सोपे नसते. तिला सांगावे की यंदाचा गणपती जुन्या घरात, आणि पुढच्या वर्षीचा नव्यात.

काम तेथेच थांबवावयाचे ठरले की भिंतींच्या माथ्यावर सिमेंटचा पातळ थर द्यावा, त्यावर जाड प्लास्टिक पसरून वर माडाच्या झावळ्यांचे झाप दोरीने घट्ट बांधावेत. बाहेर आलेल्या सळयांना सिमेंटचा कालवा फासावा. जोत्याभोवती चर खणून पाण्यास उताराकडे वाट करून द्यावी, नाहीतर भरणीत पाणी मुरून पुढच्या वर्षी जमीन खचते. उरलेल्या सिमेंटच्या पिशव्या ठेवू नयेत. कोकणच्या पावसाळी हवेत त्यांचा दगड होतो. त्या शेजारच्या कोणाच्या कामास देऊन टाकाव्या. चौकटी काढून जुन्या घराच्या माळ्यावर आडव्या ठेवाव्यात. कंत्राटदाराचा झालेल्या कामाचा हिशेब मेअखेर पुरा करावा आणि त्याच बैठकीत वहीच्या नव्या पानावर १५ ऑक्टोबर ही तारीख, गवंड्यांच्या टोळीचे नाव आणि खाणवाल्यास द्यावयाच्या विसाराची रक्कम लिहून दोघांनी सह्या कराव्यात.